‘कामिसामा हाजिमेमाशिता’ ही मालिका मराठी प्रेक्षकाने कशी पाहावी

जपानमध्ये उन्हाळा लागला की लहान खानावळींच्या दारावर ‘हियाशी चूका हाजिमेमाशिता’, म्हणजे ‘थंड नूडल्स देणे सुरू केले आहे’, अशी पाटी लागते आणि ती पाटी तिथल्या लहानथोरांच्या ओळखीची असते. ‘कामिसामा हाजिमेमाशिता’ या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिकेचे नाव त्याच साच्यातले आहे. त्याचा सरळ अर्थ ‘देवपण सुरू केले आहे’ असा होतो. दुकानाच्या पाटीचे शब्द देवपणाला लावलेले ऐकून जपानी प्रेक्षक मालिका सुरू होण्यापूर्वीच हसतो. भारतात मात्र आपल्याला ती ‘कामिसामा किस’ या इंग्रजी नावाने भेटते, आणि त्या नावात चुंबन पुढे येऊन ‘सुरू केले’ हे शब्द नाहीसे होतात. म्हणून ही मालिका पाहायला बसणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे असे की मूळ नाव मनात धरून बसावे, कारण या गोष्टीतली नायिका जन्माने, तपाने किंवा पुण्याईने देवता झालेली नाही. तिने ते काम हाती घेतले आहे आणि रोज थोडे थोडे ती ते शिकत आहे.

मी ही मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा इंग्रजी उपशीर्षकांवर डोळे ठेवून, दोन रात्रींत, नायक आणि नायिका एकदाचे जवळ कधी येतात एवढ्याच उत्सुकतेने पाहिली, आणि मला ती गोड पण थोडी पोकळ वाटली. पुढे काही वर्षांनी आई शेजारी बसलेली असताना पुन्हा लावली. पहिला भाग संपल्यावर तिने विचारले, “देव घर सोडून गेला, तर वीस वर्षं या देवळात झाडलोट कोणी केली गं?” त्या एका प्रश्नाने मला मालिका पाहण्याची रीत कळली. या गोष्टीतले प्रेम देवळाच्या रोजच्या कामातून उगवते. चूल, केरसुणी, पूजा, भाविकांची गाऱ्हाणी आणि उत्सवाची तयारी यांच्याकडे पाठ फिरवली तर ते प्रेम कुठून आले हेच कळत नाही.

आधी क्रम

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, जुलिएत्ता सुझुकी यांची आहे. हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘हाना तो युमे’ या पाक्षिकात ती २००८ ते २०१६ या काळात आली आणि तिचे २५ खंड झाले. टीएमएस एंटरटेन्मेंटने केलेल्या ॲनिमेचा पहिला मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर २०१२ मध्ये १३ भागांत, तर दुसरा जानेवारी ते मार्च २०१५ मध्ये १२ भागांत दाखवला गेला. दोन्हींचे दिग्दर्शन आकितारो दाइची यांचे आहे. यांशिवाय मांगाच्या खंडांसोबत चकतीवर दिलेले काही स्वतंत्र भाग आहेत: २०१३ मधले दोन हलकेफुलके भाग, नायकाच्या भूतकाळाची २०१५ आणि २०१६ मध्ये आलेली चार भागांची कथा आणि २०१६ मधलाच शेवटचा भाग.

पाहण्याचा क्रम प्रदर्शनाचाच ठेवावा. पहिला मोसम, मग २०१३ चे दोन भाग, मग दुसरा मोसम, मग भूतकाळाची चौकडी आणि सर्वांत शेवटी शेवटचा भाग. भूतकाळाची कथा आधी पाहण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती सर्वांत गंभीर आणि सर्वांत सुंदर आहे. पण तिच्यातले प्रत्येक दुःख आधीच्या २५ भागांतल्या हसण्यावर उभे असल्यामुळे ती आधी पाहिली तर तिचा निम्मा जोर जातो. प्रत्येक भाग साधारण २४ मिनिटांचा आहे, म्हणजे पहिला मोसम सव्वापाच तासांत संपतो. तरीही एका रात्री दोनांहून अधिक भाग पाहू नयेत असे मी म्हणेन. दाइची यांची मांडणी इतकी वेगवान आहे की सलग पाहिल्यास छोट्या गोष्टी एकमेकींवर आदळून विरून जातात.

पहिला भाग दोनदा पाहावा

गोष्ट अशी सुरू होते. नानामी मोमोझोनो ही शाळेत जाणारी मुलगी आहे. तिचे वडील जुगारी आहेत. कर्ज करून ते पळून जातात आणि सावकार मुलीला घराबाहेर काढतात. बागेतल्या बाकावर बसलेली असताना तिला कुत्र्याला घाबरून झाडावर चढलेला एक गृहस्थ दिसतो. ती कुत्र्याला हाकलते. गृहस्थ तिची हकीकत ऐकून घेतो, आपले घर तिला देऊ करतो, तिच्या कपाळावर ओठ टेकवतो आणि निघून जातो. दिलेल्या पत्त्यावर ती पोहोचते तर तिथे घर नसून एक मोडकळीला आलेले देवस्थान असते, कारण तो गृहस्थ मिकागे नावाचा तिथला भूमिदेव होता आणि वीस वर्षांपूर्वी तो आपले स्थान सोडून गेलेला होता. कपाळावरच्या त्या स्पर्शाने देवत्वाची खूण नानामीकडे आली आहे. देवळात राहतात तोमोए नावाचा कोल्हा, जो मिकागेचा सेवक होता, आणि ओनिकिरी व कोतेत्सु हे दोन छोटे आत्मे. मालक परतला असे वाटून तोमोए आधी संतापाने अंगावर येतो आणि दारात एक साधी माणसाची पोर आहे हे कळल्यावर तितक्याच संतापाने तिची सेवा नाकारतो.

हा भाग एकदा कथेसाठी पाहावा आणि एकदा फक्त तोमोएसाठी. दुसऱ्या वेळी त्याच्या पहिल्या रागाकडे नीट लक्ष द्यावे. वीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो काही न सांगता गेला होता, आणि आता आला असे वाटताच जो ओरडतो तो राग आपल्या माणसावरचाच असतो. घर सोडून गेलेले वडील आणि घर सोडून गेलेला देव यांना लेखिकेने एकाच भागात समोरासमोर ठेवले आहे. नानामी आणि तोमोए दोघेही मागे राहिलेले आहेत. हे एकदा लक्षात आले की पुढची त्यांची सगळी भांडणे वेगळी ऐकू येतात, आणि ‘हिला राहायला जागा हवी आणि याला कोणी न सोडून जाणारे हवे’ हे सूत्र आपोआप हाती लागते.

कानाने पाहावे

मूळ जपानी ध्वनीच निवडावा. नानामीचा आवाज सुझुको मिमोरी यांचा आणि तोमोएचा शिन्नोसुके ताचिबाना यांचा आहे. उपशीर्षके इंग्रजीत असली तरी मराठी माणसाला कानाने जे कळते ते इंग्रजीत पुष्कळदा उतरत नाही, कारण आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक जन्मापासून अंगात भिनलेला असतो. ओनिकिरी आणि कोतेत्सु तिला पहिल्या दिवसापासून ‘नानामी-सामा’ म्हणतात, म्हणजे ‘आपण’ म्हणावे तसे. मिझुकी हा पुढे येणारा पांढरा सर्प तिला ‘नानामी-चान’ म्हणतो, ज्यात लाडीगोडी आहे. तोमोए मात्र नुसते ‘नानामी’ म्हणतो किंवा ‘ओमाए’, म्हणजे मालकिणीला सरळ ‘तू’. सेवकाने धनिणीला ‘अगं’ म्हणावे तसा हा प्रकार आहे. सुरुवातीला त्यात उद्दामपणा असतो, पुढे त्याच शब्दांत काळजी येते, आणि शब्द एकदाही न बदलता हा बदल घडतो. प्रत्येक दोनतीन भागांनंतर तो तिला हाक कशी मारतो एवढेच ऐकावे. प्रेमकथा तिथे चालू असते.

काही शब्द आधी समजून घेतले तर उपशीर्षकांच्या मर्यादा त्रास देत नाहीत. ‘कामी’ म्हणजे देव, पण हा देव झाडात, ओढ्यात, खडकात, एखाद्या गावाच्या जमिनीतही असतो. आपला ग्रामदेव किंवा क्षेत्रपाळ डोळ्यांसमोर आणला की मिकागे कोण हे चटकन कळते. ‘योकाई’ म्हणजे भुताखेतांपासून अद्भुत प्राण्यांपर्यंतची सगळी अमानवी मंडळी. ‘शिन्शी’ म्हणजे देवाचा दूत आणि सेवक. इंग्रजीत त्याला पाश्चात्त्य चेटकिणींच्या पाळीव प्राण्याचा शब्द लावतात, त्याने उगाच गैरसमज होतो. आपल्याकडे देवांना वाहने आहेत, तसे तिथे देवांना प्राणीरूप दूत आहेत, इतके ध्यानात ठेवले तरी पुरे. ‘ओफुदा’ म्हणजे देवळातून मिळणारी मंत्रलिखित कागदी पट्टी; नानामी तिच्यावर शब्द लिहून आपली शक्ती वापरते आणि पाण्याची साके, म्हणजे तांदळाची दारू, करण्यापासून तिचा अभ्यास सुरू होतो.

यापेक्षाही महत्त्वाचा शब्द ‘एन’ हा आहे. मिकागे ‘एन-मुसुबी’चा देव आहे. उपशीर्षकांत त्याचे भाषांतर ‘लग्न जुळवणे’ असे येते आणि मग मालिका वधूवर सूचक मंडळाची वाटू लागते. ‘एन’ ही कल्पना बौद्ध ग्रंथांबरोबर जपानीत रुजलेली आहे आणि माणसाला माणसाशी, जागेशी, घटनेशी जोडणारा न दिसणारा धागा असा तिचा आशय आहे. मराठीत तिला नेमका शब्द आहे: ऋणानुबंध. ‘मुसुबी’ म्हणजे गाठ. देवापुढे पाच येनचे नाणे टाकण्याची तिथली रीतही याच शब्दामुळे आहे, कारण ‘पाच येन’ आणि आदराने उच्चारलेला ‘एन’ हे दोन्ही ‘गोएन’ असेच ऐकू येतात. बागेत कुत्र्याला हाकलले म्हणून घर मिळाले, या पहिल्याच योगायोगाला ‘ऋणानुबंध’ म्हणून पाहिले की मालिकेचे सगळे योगायोग पटू लागतात. तातारा दलदलीची हिमेमिको ही माशाच्या रूपातली राजकन्या लहानपणी भेटलेल्या एका मानवी मुलाला पुन्हा भेटता यावे म्हणून नानामीकडे येते. ही गाठ बांधून देणे हे तिच्या देवपणातले पहिल्या मोठ्या कामांपैकी एक आहे. त्या मुलाचे नाव कोतारो उराशिमा असे ठेवले आहे. समुद्राखालच्या राजवाड्यात जाऊन आलेल्या उराशिमा तारोची लोककथा प्रत्येक जपानी मुलाला ठाऊक असल्यामुळे पाण्यातल्या राजकन्येचे आणि उराशिमाचे नाते त्यांना नाव ऐकताच कळते.

देवळाकडे कसे पाहावे

जपानी देवस्थानाची रीत थोडी ठाऊक असली की कितीतरी दृश्ये बोलकी होतात. तोरी ही लाकडी किंवा दगडी कमान मानवी जग आणि देवाची जागा यांमधली सीमा असते, आणि तिच्याखालून जाताना वाटेचा मध्य देवासाठी मोकळा सोडून कडेने चालण्याची रीत आहे. आधी हात आणि तोंड धुतले जाते. दर्शन घेताना दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून, पुन्हा एकदा वाकतात. इझुमोच्या मोठ्या देवस्थानात मात्र चार टाळ्या वाजवतात. मिकागेच्या देवळाच्या अंगणात कोण कमानीतून आले, कोण उडत आले आणि कोण न विचारता आत शिरले, याकडे लक्ष ठेवावे. चित्रकारांनी पाहुण्याचा स्वभाव पुष्कळदा तिथेच सांगून टाकला आहे.

कोल्ह्याची बाजूही समजून घ्यावी. जपानमध्ये कोल्हा हा धान्य आणि भरभराटीच्या इनारी देवाचा दूत मानला जातो. क्योतोचे फुशिमी इनारी हे त्या देवाचे मुख्य स्थान असून तिथे ठिकठिकाणी दगडी कोल्हे बसवलेले आहेत. पण लोककथांतला कोल्हा फसवा, रूप बदलणारा, डोक्यावर पान ठेवून माणूस होणारा आणि रात्री निळसर आग दाखवणाराही आहे. तोमोए या दोन्ही कोल्ह्यांच्या मधोमध उभा आहे. तो देवाच्या दारात बसलेला आहे, पण देवाचा म्हणून जन्मलेला नाही. पानांची जादू आणि कोल्हाग्नी तो सहज वापरतो, आणि तेच हात स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, नानामीला शाळेसाठी उठवताना दिसतात. माझ्या मते मालिकेतली सर्वांत सुंदर दृश्ये हीच आहेत आणि घाईत पाहणाऱ्याच्या हातून सर्वांत आधी तीच निसटतात.

देवसेवकाचा करार चुंबनाने होतो, आणि तो झाला की धनिणीच्या शब्दाला सेवकाचे शरीर बांधले जाते. शब्दांत आत्मा वसतो या ‘कोतोदामा’ नावाच्या जुन्या जपानी श्रद्धेवर ही कल्पना बेतली आहे. सुरुवातीला हे बंधन विनोदासाठी येते: नानामी काहीतरी ओरडते आणि तोमोएला नाइलाजाने ते करावे लागते. त्यावर हसावे, पण एक गोष्ट मनात टिपत जावी. ती आज्ञा कधी वापरते, आणि वापरता येत असूनही कधी टाळते? जिथे ती टाळते तिथे त्यांचे नाते एक पाऊल पुढे गेलेले असते.

याच संदर्भात नारुकामी या वीजदेवीचे प्रकरण सावकाश पाहावे. ती नानामीची देवत्वाची खूण हिरावून घेते, देवळाचा ताबा घेते आणि जादूच्या हातोडीने तोमोएला लहान बाळकोल्हा करून टाकते. खूण गेली, घर गेले, रक्षणकर्ता कडेवर घ्यावा इतका लहान झाला. अशा वेळी नानामी त्या तापलेल्या लेकराची शुश्रूषा करत बसते. देवपण सुरू करणे म्हणजे काय याचे उत्तर मालिकेने इथे दिले आहे, तेही एकही मोठे वाक्य न उच्चारता.

मिझुकीसाठी थांबावे

मिझुकी पहिल्यांदा येतो तेव्हा तो आवडणे कठीण आहे. पांढऱ्या सर्पाच्या रूपातला हा सेवक नानामीच्या मनगटावर खूण करतो, तिला आपल्या देवळात घेऊन जातो आणि आपली वधू म्हणून तिथेच ठेवू पाहतो. हे दृश्य अस्वस्थ करणारे आहे आणि तसे वाटू द्यावे. विनोदी मालिका आहे म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या वागण्याला क्षमा करण्याची घाई न करता त्याची जागा मात्र पाहावी. त्याचे योनोमोरी देवस्थान धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. भाविक गेले, त्याची देवी विरून गेली, आणि तिला आवडणारे उमे-फुलांचे झाड तेवढे आपल्या शक्तीने अखंड फुललेले ठेवून तो एकटा बसून आहे.

या ठिकाणी महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला जातात. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव उन्हाळ्यात उघडे पडते, आणि विस्थापित कुटुंबे मे महिन्यात आपल्या जुन्या देवाच्या जागी जमतात. पाण्याखाली गेलेल्या देवळात दिवा कोण लावत असेल, हा विचार ज्याच्या मनात कधी आला असेल, त्याला मिझुकीचे वाकडे वागणे योग्य वाटणार नाही, पण त्यामागचा एकटेपणा नक्की कळेल. तोमोएजवळ वीस वर्षे वाट पाहण्यासाठी निदान देऊळ होते, मिझुकीजवळ तेही नव्हते. पुढे तो मिकागेच्या देवळात राहायला येतो आणि तोमोएशी त्याची रोजची कुरबूर सुरू होते. त्या कुरबुरीत, दोन बेघर सेवक एका छपराखाली आल्याचे समाधान लपलेले आहे.

पांढरा साप जपानमध्ये बेन्झाइतेन देवीचा दूत मानला जातो, आणि बेन्झाइतेन ही बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली आपली सरस्वती आहे. कुरामा या पात्रालाही अशीच लांबची ओळख आहे. तो लोकांसमोर गाणारा प्रसिद्ध तारा म्हणून वावरतो, पण मुळात कावळ्याच्या पंखांचा तेंगू नावाचा योकाई आहे. पक्षिमुखी तेंगूच्या रूपावर जपानी परंपरेतल्या ‘कारुरा’ची, म्हणजे गरुडाची, छाया असल्याचे मानले जाते. हे धागे जाणून घेतले म्हणून कथा बदलत नाही. तरी पडद्यावरचे जग परके वाटेनासे होते, हा माझा अनुभव आहे.

विनोद आणि घरातली मुले

दाइची यांच्या विनोदाची सवय व्हायला दोनतीन भाग लागतात. गंभीर प्रसंगाच्या ऐन मध्यावर पात्रे एकदम चिमुकली होतात, चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक रेघ उरते आणि संवाद दुप्पट वेगाने धावतात. हे पाहून प्रसंगाचा विरस झाला असे वाटू शकते. प्रत्यक्षात हा लज्जेचा पडदा आहे. मनातले बोलून जाण्याच्या टोकावर आलेले पात्र त्या पडद्याआड लपते. २००१ मध्ये दाइची यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘फ्रूट्स बास्केट’ मध्येही हीच हातोटी दिसते. पात्र चिमुकले झाले की आधीच्या क्षणी ते काय म्हणणार होते याचा विचार करावा.

लहान मुलांना ही मालिका सरसकट लावून देऊ नये. देव आणि योकाई साके भरपूर पितात, तोमोए पहिल्याच भागात योकाईंच्या वस्तीत बायकांच्या घोळक्यात बसलेला दिसतो, काही राक्षसी रूपे भयावह आहेत आणि मिझुकीचे प्रकरण वर सांगितले तसे आहे. साधारण तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर, मोठ्यांनी शेजारी बसून पाहणे चांगले. नायक शेकडो वर्षांचा आणि नायिका शाळकरी, हा प्रश्न वयात येणारी मुले विचारतातच. तो टाळू नये. या जोडीत पुढाकार कोण घेते हे त्यांना दाखवून द्यावे. पहिल्या मोसमाच्या मध्यावरच नानामी आपले मन स्पष्ट बोलून टाकते, नकार ऐकते, रडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा देवळाच्या कामाला लागते. माणूस आणि योकाई यांचे जमू नये असे मानणारा तोमोएच असतो, आणि त्याची भीती आयुष्याच्या लांबीची आहे: ती थोडी वर्षे जगणार, तो उरणार. ही भीती समजली की वयाच्या प्रश्नावर मुलांशी बोलणे सोपे होते, जरी तो प्रश्न पूर्ण सुटत नाही असे मला अजूनही वाटते.

दुसरा मोसम

पहिला मोसम देवळाच्या उत्सवाने आणि नानामीच्या कागुरा नृत्याने पूर्णत्वाला येतो. कागुरा म्हणजे देवापुढे केले जाणारे नृत्य. इथे जी देवता आहे तीच नाचते, आणि बघायला गावातली माणसे परत आलेली असतात. दुसरा मोसम सुरू करण्याआधी हा भाग पुन्हा एकदा पाहावा, कारण दुसऱ्या मोसमात नानामी अंगणातून बाहेर पडते आणि तिचे देवपण इतर देवांसमोर पारखले जाते.

जपानी समजुतीनुसार जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरातले देव इझुमोला जमतात, म्हणून तो महिना इतरत्र ‘देव नसलेला’ आणि इझुमोत ‘देव असलेला’ म्हणून ओळखला जातो. इझुमोचे हे स्थान शिमाने प्रांतात आहे, आणि तिथला ओकुनिनुशी हा ऋणानुबंध जुळवणारा सर्वांत मोठा देव मानला जातो. नावाच्या चिनी अक्षरांच्या उच्चारसाम्यामुळे पुढे लोकांनी त्याला दाइकोकुतेनशी एकरूप मानले, आणि हा दाइकोकुतेन म्हणजे मूळचा आपला महाकाळ. या देवसभेचे निमंत्रण नानामीला येते, तेव्हा ‘ही तर माणसाची पोर’ असे म्हणणाऱ्यांमध्ये ती बसते. सभेचे भाग गमतीचे आहेत, पण योमी या मृतांच्या प्रदेशाकडे कथा वळते तिथे सावध व्हावे. इसवी सन ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात इझानामी मरण पावून योमीत जाते, तिथले अन्न खाते आणि म्हणून तिला परतता येत नाही. तिचा पती तिला आणायला जातो आणि पाहू नको म्हटले असताना पाहतो. ही कथा माहीत असली की योमीच्या उंबरठ्यावर कोण कोणासाठी उभे आहे याचा अर्थ गडद होतो.

त्यानंतरचे कुरामा पर्वताचे प्रकरण मला दुसऱ्या मोसमातले सर्वांत मोलाचे वाटते. क्योतोच्या उत्तरेला असलेला हा पर्वत खरा आहे आणि तिथला तेंगूंचा मुखिया सोजोबो लोककथेत उशिवाकामारूला, म्हणजे पुढच्या योशित्सुने या योद्ध्याला, शस्त्रविद्या शिकवणारा म्हणून प्रसिद्ध आहे. मालिकेत शहरात जाऊन तारा झालेला कुरामा हा त्याच सोजोबोचा मुलगा आहे, आणि आजारी बाप व मागे राहिलेले भाऊबंद यांच्यासाठी त्याला परत जावे लागते. गाव सोडून मुंबई-पुण्याला आलेल्या आणि घरून फोन आल्यावर रात्रीची गाडी पकडलेल्या कोणालाही हे भाग एकट्याने पाहावेसे वाटतील.

शेवटचे भाग

दुसऱ्या मोसमानंतर थेट भूतकाळाच्या चौकडीकडे जाता येते, फक्त आधी पहिल्या मोसमातले ड्रॅगन राजाचे भाग परत चाळावेत, कारण युकिजी या स्त्रीचे नाव आणि तोमोएच्या जुन्या ऋणाची पहिली ओळख तिथे होते. चौकडीत नानामी पाचशे वर्षे मागे जाते आणि तेव्हाचा, अजून कोणाचाही सेवक नसलेला तोमोए तिला दिसतो. त्यात काय होते ते इथे सांगणे योग्य नाही. एवढेच सांगते की ‘एन’ या शब्दाची गाठ मागून पुढे की पुढून मागे बांधली जाते, हा प्रश्न मनात घेऊन बसावे. चौकडी आणि शेवटचा भाग यांच्यामध्ये मांगातला बराच कथाभाग ॲनिमेत आलेला नाही. ज्यांना ती उडी खटकेल त्यांनी मांगाचे शेवटचे खंड वाचावेत. इंग्रजी अनुवाद पूर्ण २५ खंडांचा उपलब्ध आहे. आकुरा-ओ या तोमोएच्या जुन्या साथीदाराला खरा न्याय त्या पानांतच मिळतो.

शेवटचा भाग ज्या दिवशी पाहायचा असेल त्या दिवशी आधी पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटे लावावीत: बागेतला बाक, झाडावरचा घाबरलेला गृहस्थ, हातातला पत्ता आणि मोडक्या देवळाच्या दारात उभी राहून ‘कोणी आहे का’ म्हणणारी, कुठेही जायला जागा नसलेली मुलगी. ते पाहून झाले की मगच शेवटचा भाग सुरू करावा आणि त्यातही त्या देवळाच्या दाराकडेच आधी लक्ष द्यावे.